दोन इंची स्पेसर, तेहतीसचे टायर आणि ‘काही फरक पडत नाही’

महिंद्रा थारवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: २०२० नंतरच्या थारला पुढे-मागे दोन इंची स्पेसर (स्प्रिंग-शॉकसोबत बसवून गाडी उचलणाऱ्या चकत्या) टाका, ३३ इंची टायर चढवा, अलाइनमेंट करून घ्या, काम संपलं. क्लिअरन्स (जमीन आणि गाडीमधली मोकळी जागा) अडीच-तीन इंच वाढतो, जास्त खोल पाण्यात जाता येतं, ॲव्हरेज आणि ब्रेकमध्ये काही फरक नाही, आरटीओ विचारत नाही, आणि गाडी रोज ऑफिसलाही नेता येते. हौसेपुरती वेगळी ठेवलेली गाडी असेल तर यातलं बरंचसं खपून जाईल. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि रविवारी ताम्हिणीच्या पावसात जाणाऱ्या गाडीचं गणित वेगळं आहे.

आधी क्लिअरन्स. थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि मागे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस. पुढचं डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा) चॅसीला बांधलेलं असतं, त्यामुळे लिफ्ट केली, म्हणजे गाडी उचलली, की ते वर जातं. मागचं डिफरेन्शियल ॲक्सलमध्येच आहे आणि ॲक्सल चाकांवर उभा आहे. स्प्रिंगखाली दोन इंच घाला, चार घाला, तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. दोन चाकोऱ्यांच्या मधला दगड आधी जिथे घासत होता तिथेच घासणार. तो गोळा उचलायला टायरच मोठा लागतो, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग कामी येतो.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. कंपनीचा २५५/६५ आर१८ टायर ७८९ मिमी व्यासाचा, म्हणजे तोच मुळात ३१ इंची. २७५/६५ आर१८ घेतला तर ८१५ मिमी, ॲक्सल १३ मिमीने वर. बाजारात ‘तेहतीस’ म्हणून विकला जाणारा २८५/६५ आर१८ प्रत्यक्षात ८२८ मिमी भरतो, म्हणजे साडेबत्तीस इंचांच्या आसपास, आणि ॲक्सलखाली मिळतात जेमतेम २० मिमी. मजकुरातल्या अडीच-तीन इंचांपैकी मागच्या डिफरेन्शियलच्या वाट्याला पाऊण इंच येतो. लिफ्टचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे: समोरचा बंपर आणि पोट चढावर कमी लागतं, आणि मोठ्या टायरला व्हील आर्चमध्ये जागा मिळते. हे फायदे खरे आहेत, पण त्यांना क्लिअरन्स म्हणून विकू नये.

आता स्पेसर. मजकुरातला सगळ्यात महागात पडणारा भाग हाच. पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचं खालचं टोक लोअर आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यावर), चाकापेक्षा बरंच आतल्या बाजूला बसतं. चाक २५ मिमी हललं तर शॉक साधारण १५ मिमी हलतो. म्हणून शॉकच्या डोक्यावर ३० मिमीची चकती ठेवली की गाडी ५० मिमी उचलते. स्वस्त आणि सोपं. पण चाक खाली किती लोंबकळायचं हे कंपनीने शॉकच्या लांबीवरून ठरवलेलं असतं. चकती घातल्यावर ती सीमाच ५० मिमी खाली जाते. त्या टोकाला चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट हे सांधे त्यांच्यासाठी न ठरवलेल्या कोनात जातात, ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ताणली जाते, आणि वरचा आर्म स्प्रिंगच्या जवळ सरकतो. रोजच्या रस्त्यावर गाडी त्या टोकाला क्वचित पोचते. खड्ड्यातून चाक निसटलं किंवा एक चाक हवेत गेलं की मात्र लगेच पोचते.

वरच्या बाजूला काय होतं ते बम्प स्टॉप (चाकाचा वरचा प्रवास अडवणारा ठोकळा) कुठे आहे यावर ठरतं. तो चॅसीवर वेगळा असेल तर चाक स्टॉपला टेकण्याआधीच शॉक आतून संपतो आणि दणका थेट शॉकच्या आतल्या भागांवर व माउंटवर जातो. तो शॉकच्याच दांड्यावर असेल तर चाकाचा प्रवास आधी होता तेवढाच राहतो, फक्त गाडी उंच दिसते. काही ठिकाणी चकती शॉकच्या डोक्यावर न ठेवता स्प्रिंग दाबून आत घालतात. त्यात उंची मिळते, पण खाली जायला उरलेला प्रवास कमी होतो. प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना समोरून ‘खट्’ येतो तो शॉक पूर्ण उघडून आपटल्याचा. मागेही तसंच: स्प्रिंगखाली स्पेसर आणि शॉक कंपनीच्याच लांबीचा ठेवला, तर तो वेळेआधी टोकाला जातो.

ड्राइव्हशाफ्टचा कोन सुधारायला डिफरेन्शियल खाली उतरवायचे ब्रॅकेट मिळतात. कोन सुधारतो, पण लिफ्टने पुढे जेवढं कमावलं त्यातलं थोडं परत जातं. मागे आणखी एक गोष्ट आहे. थारचा व्हीलबेस २४५० मिमी, त्यामुळे मागच्या ॲक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड. लिफ्टनंतर त्याच्या क्रॉसचा (टोकाच्या सांध्याचा) कोन लांब गाडीपेक्षा जास्त वाढतो. एका ठरावीक वेगाला सीटखाली घरघर जाणवायला लागली आणि टायर बॅलन्स करूनही गेली नाही, तर आधी तिथे बघा.

‘अलाइनमेंट केलं की झालं’ हे अर्धसत्य आहे. पुढची गाडी उचलली की टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) बदलतो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो आणि बहुतेक वेळा कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा मागे कल) घटतो. टो कुठल्याही दुकानात जुळतो. कॅस्टर घटला की स्टेअरिंग वळणानंतर आपणहून सरळ यायला कुरकुरतं आणि ऐंशीच्या वर गाडी भरकटते. कंपनीच्या आर्मवर जेवढी ॲडजस्टमेंट आहे ती संपली की दुकानदार ‘हिरव्यात आलंय’ म्हणून मोकळा होतो. आधीचा आणि नंतरचा प्रिंटआउट मागून घ्या, त्यात कॅस्टरचा आकडा दोन्ही बाजूंचा बघा. कॅस्टर पुरत नसेल तर वेगळा अप्पर आर्म लागतो, आणि तो खर्च ‘स्वस्त लिफ्ट’च्या हिशेबात कधीच धरलेला नसतो. मारुती जिम्नीवाल्यांनी तर हा मजकूर आपल्याला लागूच नाही असं धरावं. तिला पुढेही सॉलिड ॲक्सल आणि त्याला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड आहे, दोन इंचांत कॅस्टर अंदाजे तीन अंश जातो, ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो, आणि जुने बुश किंवा वाईट बॅलन्स असेल तर स्टेअरिंगची भयंकर थरथर सुरू होते.

अलाइनमेंटच्याही आधी एक चूक होते आणि ती महिनोन् महिने दिसत नाही. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर, चाकं लोंबकळत आहेत, फिटर आर्मचे बोल्ट गनने आवळून टाकतो. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी त्या कोनात अडकते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी अपेक्षेपेक्षा उंच उभी राहते, आणि काही महिन्यांत बुश फाटतं. वरून दोष मात्र रस्त्यांना दिला जातो. बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बंपर दाबून दोन-चार वेळा हलवायची आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. हे करायला खड्डा किंवा चार खांबांची लिफ्ट लागते. गॅरेजमध्ये ती नसेल तर दुसरं गॅरेज शोधा.

ॲव्हरेज आणि ब्रेकबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. २८५/६५ टायर कंपनीच्या टायरपेक्षा सुमारे पाच टक्के मोठा. मीटरवर १०,००० किमी झाले तेव्हा गाडी प्रत्यक्षात जवळपास १०,५०० चालली. म्हणून आधी १२ चं ॲव्हरेज होतं आणि आता मीटरप्रमाणे ११ दिसतं, तर खरं ११.५ आहे. मित्र सांगतात तेवढं ते पडलेलं नसतं. पण पडलेलं असतंच, कारण एलटी (लाइट ट्रक) बांधणीचा टायर एका चाकाला पाच-सहा किलोने सहज जड असतो आणि ते वजन फिरतं. ट्रॅफिकमध्ये दर सिग्नलला ते फिरवायचं आणि थांबवायचं. गिअरिंगही पाच टक्क्यांनी लांब होतं: घाटात चढताना गिअर एक पायरी आधी खाली घ्यावा लागतो, मॅन्युअल गाडीत क्लचवर ताण येतो. ब्रेकची ताकद हबवर तेवढीच, पण टायरची त्रिज्या मोठी, म्हणून तेवढ्याच पायाने जमिनीवर मिळणारा ब्रेक तितकाच कमी. कोरड्या रस्त्यावर हे अंगवळणी पडतं, ओल्या उतारावर पडत नाही.

उंचीचाही हिशेब मांडून बघा. ट्रॅक साधारण १५२० मिमी. गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरला तर ट्रॅकचा निम्मा भाग भागिले उंची, उत्तर १.०९. लिफ्ट आणि टायरने मध्य ६० मिमी वर गेला की तेच १.०० होतं, म्हणजे कलंडण्याविरुद्धची राखीव क्षमता आठ टक्क्यांनी कमी. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, मूळ गाडीच्या हिशेबाने बसवलेली आहे. अचानक कुत्रं आडवं आल्यावर दिलेल्या झटक्यात हा फरक कळतो. आणि एक शहरी गोष्ट: पझल पार्किंगची (यंत्राने गाड्या वर-खाली ठेवणाऱ्या पार्किंगची) उंची मोजून घ्या. गाडी मूळचीच १.८४ मीटरच्या पुढे आहे. टायर आणि लिफ्ट धरून ती १.९ ओलांडते, वर कॅरिअर असेल तर विचारूच नका.

पाणी: कंपनी ६५० मिमी खोलीपर्यंत चालेल असं सांगते. लिफ्टने हवेचा इनटेक थोडा वर जातो, पण मागचा ॲक्सल तेवढाच पाण्यात बुडतो. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (ॲक्सलमधली हवा ये-जा करते त्या छिद्रातून) पाणी ओढते. म्हणून ब्रीदरची नळी वर नेणं हे स्पेसरपेक्षा जास्त उपयोगाचं. डिफरेन्शियलचं तेल दुधट दिसलं तर ताबडतोब बदला.

कायद्याबाबत मजकुरात सरळ खोटं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चौकात कोणी टेप घेऊन उभं नसतं हे खरं. पण अपघातानंतर गाडी तपासली जाते, आणि न कळवलेला बदल इन्शुरन्स कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण देतो. कमीत कमी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

मग रोजच्या गाडीला करायचं काय? क्रम उलटा करा: टायर आधी ठरवा, लिफ्ट त्याला लागेल तेवढीच. बहुतेकांना मूळ मापातला चांगला ए/टी (ऑल-टेरेन) टायर पुरतो, आणि त्यात कायद्याचाही प्रश्न उरत नाही. चिखल-दगडात फरक पडतो तो रबराच्या खाचांनी आणि हवा कमी करण्याने, एका इंचाने नाही. त्यापुढे जायचंच असेल तर कायद्याची जोखीम समजून घेऊन २७५/६५ आर१८ वर थांबा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा खाली नको. पाचही टायर घ्या: स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती लावून फोर बाय फोरमध्ये गाडी चालवता येत नाही, ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. जड स्टेपनीने मागच्या दाराचे बिजागर खडखडायला लागतात, ते तपासत राहा. बाहेर निघालेले रुंद ऑफसेटचे अलॉय आणि व्हील स्पेसर टाळा. आर्चमध्ये घासण्याचा प्रश्न त्यांनी वाढतो आणि बेअरिंगवरचा भारही.

एलटी टायरला मूळ स्टिकरवरचा दाब बरोबर असेलच असं नाही. ट्रेडवर आडवी खडूची रेघ ओढा, सपाट रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर सरळ जा. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त, कडेचा गेला तर कमी. दोन-दोन पीएसआयने जुळवा.

लिफ्ट करण्याआधी सपाट जागी, टाकी भरलेली असताना, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. नवे टायर लावून एक पुढचं चाक रॅम्पवर चढवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, आतलं लायनर आणि मडफ्लॅप कुठे लागतं ते बघा. बऱ्याचदा मडफ्लॅप थोडा कापला की भागतं. नाहीच भागलं तर २५ ते ४० मिमीचा, स्प्रिंग आणि शॉक एकमेकांना जुळवलेला सेट घ्या. स्प्रिंग किती कडक हवी हे पुढे स्टीलचा बंपर आणि विंच आहे का यावर ठरवा. नसताना जड स्प्रिंग घातली तर गाडी उड्या मारते.

बसवल्यावर शंभर किलोमीटरला चाकाचे नट पुन्हा आवळा. हजार किलोमीटरला स्प्रिंग बसलेली असते, तेव्हा तीच चार अंतरं पुन्हा मोजा, अलाइनमेंट पुन्हा करा, आणि हेडलाइट खाली उतरवून घ्या, नाहीतर समोरचा प्रत्येक जण तुम्हाला डिपर मारत जाईल. त्याच वेळी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून टॉर्चने सीव्ही जॉइंटच्या रबरी बूटच्या घड्या बघा. घडीत चीर किंवा व्हील आर्चच्या आत ग्रीसचे ठिपके दिसले तर बूट लगेच बदला. पावसाळ्यात चिखल आत गेला की बूटच्या खर्चाऐवजी पूर्ण शाफ्टचा खर्च येतो.