'हॅपन', 'अकर' आणि 'टेक प्लेस' : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. लेखी इंग्रजीत 'घडणे' या अर्थी 'हॅपन'ऐवजी (happen) सर्वत्र 'अकर' (occur) वापरावे आणि सभा झाली हे सांगताना 'द मीटिंग वॉज टेकन प्लेस' लिहावे, असे त्यात म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

'हॅपन', 'अकर' आणि 'टेक प्लेस' (take place) ही 'घडणे' या अर्थाची तिन्ही क्रियापदे अकर्मक असल्याने त्यांचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'द मीटिंग टुक प्लेस' हेच शुद्ध वाक्य. 'द मीटिंग वॉज हेल्ड' मात्र बरोबर आहे, कारण 'होल्ड' सकर्मक आहे, आणि गोंधळ बहुधा इथूनच सुरू होत असावा.

ऑक्सफर्डच्या अभ्यासकांसाठीच्या शब्दकोशात 'अकर'वर औपचारिक अशी खूण आहे, तर 'टेक प्लेस' हे विशेषतः आधी ठरवलेल्या आणि 'हॅपन' हे विशेषतः न ठरवता घडलेल्या गोष्टींसाठी दिले आहे. म्हणून भूकंपाच्या वृत्तांतात 'अकर' शोभते आणि विवाहसमारंभाला 'टेक प्लेस'. परंतु 'त्याला काय झाले?' याला 'व्हॉट हॅपन्ड टू हिम?' असेच म्हणावे लागते, कारण 'अकर टू' म्हणजे एखाद्याला सुचणे.

परीक्षा देणाऱ्यांचे यात थेट नुकसान आहे; तरी तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना ही दुरुस्ती कळवावी.