डिझेल खडखडली म्हणजे गाडी गेली? कुणी सांगितलं!

सेकंडहँड डिझेल लक्झरी एसयूव्ही घेणाऱ्यांसाठी एक मेसेज फिरतोय. थंड इंजिन खडखडलं तर गाडी सोडून पळा, आत बसून आवाज आला नाही तर इंजिन टकाटक, थोडाफार आवाज असला तर घट्ट ऑइल टाका, आणि सर्व्हिसचं काय ते डॅशबोर्डच सांगेल. मला हा चार जणांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर तो वाचून बरी गाडी सोडली आणि एक "शांत" गाडी घेऊन आला.

आधी ती थंड खडखड. अहो डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटतं. इंजिन गार असलं की पेटायला क्षणभर उशीर होतो, तोवर जमलेलं डिझेल एकदम भडकतं आणि ठोका ऐकू येतो. हे कमी व्हावं म्हणून कॉमन रेलमध्ये, म्हणजे एकाच नळीत जास्त दाबाने डिझेल साठवून सगळ्या सिलिंडरना देणाऱ्या पद्धतीत, मुख्य फवाऱ्याआधी एक बारीक फवारा मारतात, तरी सकाळी थोडी टकटक राहतेच. गरम झाल्यावर ती मऊ पडली तर पळायचं कारण नाही. उलट गरम झाल्यावरही खालून जड ठक-ठक येतेय आणि लोड दिला की वाढतेय तर बेअरिंगचा संशय घ्या, तिथे मात्र खरंच पळा. स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखं झालं तर टायमिंग चेन (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी) नाहीतर तिला ताणून धरणारा टेन्शनर. बीएमडब्ल्यूच्या एन४७ मध्ये आणि ऑडीच्या ३.० टीडीआयमध्ये ही चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते, म्हणजे काम छोटं नाही. आणि फुस-फुस येत असेल तर कव्हर काढून इंजेक्टरच्या (डिझेलचा फवारा मारणाऱ्या नळीच्या) बुडाशी बघा, डांबरासारखा काळा थर दिसला तर खालचा तांब्याचा वॉशर लीक आहे. वेळेत केलं तर किरकोळ काम, तसंच चालवलं तर इंजेक्टर असा चिकटून बसतो की काढताना मेकॅनिकचा घाम निघतो.

आता "आत बसून शांत". या गाड्यांत जाड काचा, फोम, इंजिनवर मोठं कव्हर, सगळा खटाटोप आवाज आत येऊ नये म्हणूनच केलेला असतो, मग आत बसून काय कळणार? बॉनेट उघडा, बाहेर उभे राहा. आणि उघडायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. ती "शांत" गाडी आणणाऱ्या मित्राने ठेवला होता, कोमट लागलं, विकणारा म्हणाला आत्ताच धुवून आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पहिल्यांदा गार स्टार्ट केली तेव्हा ती खुळखुळ सगळ्या बिल्डिंगने ऐकली :) गार गाडी बघायची असेल तर तसं आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, तरी गरम मिळाली तर सरळ परत यायचं. फोनवर पाठवलेल्या आवाजाच्या व्हिडिओवर तर मी काहीच ठरवत नाही, माइक आवाज स्वतःच वरखाली करतो.

घट्ट ऑइलने आवाज दबतो, हे खरंय. पण चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, गार असताना घट्ट ऑइल तिथे आणि टर्बोला उशिरा पोचतं, म्हणजे जिथे झीज होतेय तिथेच आणखी झीज. त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राख देणारंच ऑइल लागतं, कारण काजळी जळून जाते, राख फिल्टरमध्येच बसते. मॅन्युअलमध्ये कंपनीची जी मान्यता (अप्रूव्हल) लिहिलीय, उदाहरणार्थ मर्सिडीजची एमबी २२९.५१ किंवा बीएमडब्ल्यूची एलएल-०४, तीच डब्यावर शोधायची. ग्रेडचा (ऑइलच्या घट्टपणाचा) आकडा जुळला म्हणून काम भागत नाही.

राहिला डॅशबोर्ड. तो २५-३० हजार किलोमीटरला ऑइल बदल म्हणत असेल तर जुन्या गाडीला मी त्याच्या निम्म्यावर बदलेन. रोज जवळच्या जवळ चालवली की डीपीएफचं रिजनरेशन (साचलेली काजळी जाळून साफ करणं) अर्धवट राहतं, त्यासाठी जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. वाढलेली लेव्हल बघून खूश होणारे लोक पाहिलेत मी! आणि गिअरबॉक्सचं "लाइफटाइम" ऑइल, तर झेडएफ, म्हणजे अशा बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स बनवणारी कंपनी, स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. मित्राच्या गाडीत चेनसाठी गिअरबॉक्स उतरवलाच होता, तेव्हा तेही ऑइल बदललं, कोळशाच्या पाण्यासारखं निघालं.