पालक येत नाहीत म्हणण्याआधी आपण त्यांना कधी बोलावतो ते बघा

गेल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत परत तेच वाक्य ऐकलं, "परप्रांतीय पालकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलं नसतं, मीटिंगला कोणी फिरकत नाही." तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून आज सविस्तर लिहितेय, लांबलंय पण वाचा.

मी चाकण एमआयडीसीच्या कडेच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दुसरीचा वर्ग. निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी मराठी बोलत नाहीत. बिहार, यूपी, ओडिशा, नेपाळ, कलबुर्गीकडची बांधकामावरची कुटुंबं, आणि आपल्याच बीड-परभणीहून आलेली, त्यात बंजारा पोरं. भिंतीवर एक मोठा कागद लावलाय, वर लिहिलंय 'आई', आणि खाली पोरांनी सांगितलं तसं लिहीत गेलो : माय, माई, अम्मा, आमा, बोउ, याडी. ज्या दिवशी बंजारा पोरीचं याडी लिहिलं त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत चार वेळा कागदापाशी जाऊन बोट लावून आली. जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं तिनं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर एवढं रान पेटलं, शेवटी जीआर रद्द झाले, पण त्या सगळ्या चर्चेत घरी गोरमाटी (बंजारा भाषा) नाहीतर ओडिया बोलणारं सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा त्याला काय वाटत असेल हे फार कमी जणांनी विचारलं. मराठी त्यांना आलीच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि ती येते, दिवाळीपर्यंत खेळताना भांडतात ती मराठीतच भांडतात. फक्त आधी ते पोर वर्गात रुळावं लागतं.

रुळणं म्हणजे काय ते मला एका मुलानं शिकवलं. रोज दुसऱ्या तासाला झोपायचा. मी रागावले, बाकावर उभं केलं, ते आज आठवलं तरी वाईट वाटतं. (मानसिक त्रास देण्यालासुद्धा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 17 मध्ये बंदी आहे, आणि मला ते पाठ होतं.) नंतर परिपाठात आम्ही एक सवय लावली, फळ्यावर ऊन, ढग आणि पाऊस काढून ठेवायचा आणि पोरांनी आत येताना एकावर खडूनं टिंब द्यायचं. हा रोज ढगावर. एक दिवस बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "पापा का थर्ड शिफ्ट है." एक खोली, बाप रात्रभर कंपनीत, दिवसा झोपणार, म्हणून शाळा सुटली की दोन भावंडं अंधार पडेपर्यंत बाहेर, आणि पहाटे बाप आला की सगळ्यांची झोपमोड. तेव्हापासून त्याच्यासाठी कोपऱ्यात सतरंजी आहे. अर्धा तास झोपतो आणि मग गणितं सोडवतो, चांगली सोडवतो.

आता पालकांचं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत असा कायदा आहे, 2010 पासून लागू आहे. कागदावर सगळीकडे असतात. पण मीटिंग ठेवतो कधी? शनिवारी सकाळी अकराला. कंत्राटी कामगार शनिवारी अकराला आला तर त्याची हजेरी जाते, म्हणजे आपण त्याला एका दिवसाची मजुरी टाकून आमचं इतिवृत्त ऐकायला ये म्हणतोय, आणि नाही आला की बेफिकीर ठरवतोय. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. सकाळी कपडे, रेशन, बाजार. म्हणून मुख्याध्यापक सरांनी गुरुवारी संध्याकाळी पाच ही वेळ धरली, आणि चिठ्ठी पाठवण्याऐवजी पोरांच्या आवाजात व्हॉइस मेसेज करून ग्रुपवर टाकले, ज्याच्या त्याच्या भाषेत. पहिल्या वेळी अकरा जण आले. दुसऱ्या वेळी व्हरांड्यात जागा पुरेना.

गावातल्या काही पालकांना हे रुचलं नाही, तेही सांगते. "यांच्या पोरांमुळे आमच्या पोरांची भाषा बिघडते" असं एक आजोबा तोंडावर म्हणाले. त्यांची काळजी खोटी नाही, गाव डोळ्यांदेखत बदललंय, शेतं गेली, चाळी उभ्या राहिल्या. मी वाद घातला नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनाच बोलावलं आणि पोरांना बैलगाड्यांच्या शर्यतीचं सांगा म्हटलं. तासभर बोलले. आता पोरं त्यांना रस्त्यात "आजोबा, गाडा कधी?" विचारतात, अगदी आमच्या नेपाळी पोरी पण, आणि आजोबा थांबून उत्तर देतात.

वेशभूषा करून 'विविधतेत एकता' कार्यक्रम आम्हीही करायचो, फोटो छान यायचे. आईबाप मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. त्यांना कोणी काही विचारायचं नाही. विचारलं की काय होतं ते बघा. तिसऱ्या बैठकीत एक नेपाळी आई, वॉचमनची बायको, खूप वेळ पदराशी चाळा करत बसली होती आणि शेवटी उभी राहून म्हणाली, "मॅडमजी, लडकियों के बाथरूम में अंदर से कडी नहीं है. मेरी बेटी स्कूल में पानी नहीं पीती."

तीन वर्षांच्या इतिवृत्तात रंगरंगोटी आहे, स्वच्छता पंधरवडा आहे, कडी कुठेच नाही. आम्ही पाच शिक्षक रोज त्या दारावरून जातो. मी दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलींच्या बाटल्या बघितल्या, सुट्टीच्या वेळी बहुतेक भरलेल्याच होत्या.

ओडिशाचे एक पालक वेल्डर आहेत. पुढच्या गुरुवारी स्वतःची हत्यारं घेऊन आले, दोन कड्या बसवल्या, बिजागरी पण नीट करून दिली, पैसे घेतले नाहीत. जाताना त्यांनी विचारलं की मुलीला ओडिया अक्षरं पण थोडी शिकवता येतील का, गावाकडं आजीला चिठ्ठी लिहायची आहे तिला. मला येत नाहीत आणि त्यांचंही वाचन जेमतेम.

म्हणून विचारते, चाकण, खराबवाडी, महाळुंगे भागात ओडिया लिहिता-वाचता येणारं कोणी असेल आणि गुरुवारी संध्याकाळी तासभर देऊ शकत असेल तर मेसेज करा. चहा आमच्या खिचडीवाल्या मावशी करतात.