‘एक मॅक्रोच तर आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अकाउंटंट आणि कर सल्लागारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला, त्यातल्या एकावर माझ्याच ग्राहकाने टाकलेला. थोडक्यात तो असा: एक्सेलच्या अ‍ॅड-इनला, म्हणजे एक्सेलला नवी कामं जोडून देणाऱ्या फाइलीला, पैसे देऊ नका. ते नुसते मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या लिहिलेल्या सूचना असतात, एआयला सांगितलं की पाच मिनिटांत लिहून मिळतात. घ्यायचंच असेल तर एक कॉपी घ्या आणि ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर टाका, विकत घेतलेली फाइल आपलीच. पासवर्ड काढलेल्या कॉप्या नेटवर मिळतात, त्याही तशाच चालतात. दरवर्षीचं रिन्यूअल ही लूट आहे, एकदा पैसे घेतले की सपोर्ट कायमचा द्यायला हवा. आणि मुळात लागतंय कशाला, सगळं आता एक्सेलमध्येच आलंय.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधी सांगतो. सांगलीत मी लहान कारखान्यांची आणि कर सल्लागारांची एक्सेलची कामं करतो, आणि जीएसटीच्या टूबीशी (पुरवठादारांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची आपल्याला दर महिन्याला मिळणारी यादी) पर्चेस रजिस्टर, म्हणजे आपल्या खरेदीची नोंद, जुळवून देणारं एक अ‍ॅड-इन विकतो. माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा. पण हा मजकूर खरा मानून चालणाऱ्याचं नुकसान माझ्या नुकसानीपेक्षा मोठं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ते नुसते मॅक्रो असतात.’ खरंच असतात. मॅक्रो लिहायची भाषा, व्हीबीए, एक्सेलमध्ये १९९३ च्या एक्सेल ५ पासून आहे, आणि माझं अ‍ॅड-इन म्हणजे व्हीबीएचा कोड भरलेलं एक वर्कबुकच, फक्त अ‍ॅड-इन म्हणून सेव्ह केलेलं. दोन याद्या जुळवणारा मॅक्रो एआय पाच मिनिटांत लिहितं हेही खरं. मी स्वतः लिहून घेऊन पाहिला. नमुन्याच्या वीस ओळींवर तो बिनचूक चालला.

आता खरं रजिस्टर घ्या. पुरवठादाराच्या बिलावर नंबर आहे ००४५/२४-२५. नियमाप्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत असू शकतो, त्यात आडवी आणि तिरकी रेघही चालते. आपल्याकडच्या मुलाने टॅलीत घातला नुसता ४५. पुरवठादाराने पोर्टलवर चढवला ४५/२४-२५. बिल एक, नंबर तीन. दुसऱ्या पुरवठादाराचा नंबर ३-२४. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, एक्सेलमध्ये उघडताना त्याची तारीख झाली, आणि एकदा तारीख झाली की मूळ नंबर सेलमध्ये उरतच नाही, आत राहतो तो दिवस मोजणारा पाच आकडी आकडा. तिसऱ्याची जीएसटी नोंदणी दोन राज्यांत: महाराष्ट्राची २७ ने सुरू होणारी, गोव्याची ३० ने, मधला पॅन तोच. माल आणि बिल गोव्याहून आलं, आपण नोंद केली महाराष्ट्राच्या नंबरावर. चौथ्याचा कर एका बाजूला १,२३४.५० आणि दुसऱ्या बाजूला राउंड करून १,२३५.

हे सगळं एआयला समजावून सांगितलं, तर त्याने पुढची शून्यं आणि तिरक्या रेघेनंतरचा भाग काढून टाकला. ००४५/२४-२५ चं ४५ झालं, जुळलं. पण ४५/२३-२४ चंही ४५ च झालं. म्हणजे मागच्या वर्षीचं राहून गेलेलं बिल या वर्षीच्या बिलाला जाऊन चिकटतं. भाडं किंवा मेंटेनन्ससारख्या दर महिन्याच्या बिलांत रक्कमही तीच असते, त्यामुळे ओळ जुळली म्हणून हिरवी होते आणि हिरव्या ओळीकडे पुन्हा कुणी बघत नाही. १ जानेवारी २०२२ पासून टूबीत दिसेल तेवढंच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येतं. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर १८ टक्के व्याजासकट परत करावं लागतं. एआयला मी नावं ठेवत नाही, कारण नेमकी हीच चूक माझ्या पहिल्या आवृत्तीत होती. ती एका ग्राहकाने पकडली, मी दुरुस्त केली, आणि त्या दिवशी बाकी सगळ्यांकडेही ती दुरुस्ती गेली. तुम्ही पैसे देता ते यासाठी. मॅक्रो लिहिणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या वर्षी एका ऑफिसातून तिथल्या ताईंचा फोन आला: ‘सर, कंट्रोल झेड चालंना. काय तरी करा की.’ त्या माझ्या ग्राहक नव्हत्या, कुणाकडून तरी नंबर मिळाला होता. त्यांनी मॅक्रो लिहून घेतला होता, तो जुळलेल्या ओळी मूळ शीटमधूनच उडवत होता आणि शेवटी फाइल सेव्हही करत होता. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेलची अन्डूची यादी पुसली जाते, मागे जायची वाटच राहत नाही. खरेदीचा डेटा टॅलीतून पुन्हा काढता आला. पण शेजारच्या कॉलममध्ये त्यांनी दोन संध्याकाळी बसून शेरे लिहिले होते: ‘पार्टीला फोन केला’, ‘क्रेडिट नोट येणार’, ‘बिल कुरिअरने मागवलंय’. ते गेले. मला काहीच करता आलं नाही, आणि त्या फोनवर गप्प झाल्या ते अजून आठवतं. जबाबदारीने केलेलं अ‍ॅड-इन मूळ शीटला हात लावत नाही, निकाल नव्या शीटवर काढतं. हा नियम मला कुणी शिकवला नाही, अशाच फोनांनी शिकवला.

‘एक कॉपी घ्या, सगळीकडे टाका.’ विकत मिळतो तो वापरायचा परवाना, फाइलची मालकी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचंच संरक्षण आहे. मूळ फाइल खराब झाली तर हाताशी असावी म्हणून बॅकअप कॉपी ठेवायला तोच कायदा परवानगी देतो, ती खुशाल ठेवा. पण चोरीची कॉपी जाणूनबुजून वापरली तर कलम ६३ब प्रमाणे ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं. ऑफिसातला वापर धंद्याचाच. ‘फ्री’ लिहिलंय म्हणून सुटलो असंही नाही. नेदरलँड्सचं असॅप युटिलिटीज हे अ‍ॅड-इन घरी वापरायला फुकट आहे, ऑफिसात वापरायचं तर लायसन्स लागतं. कितीतरी ऑफिसांत ते घरगुती म्हणून बसवलेलं मी पाहिलंय.

इथे आम्हा विकणाऱ्यांचाही दोष आहे आणि तो मला मान्य आहे. लायसन्स माणसामागे की मशीनमागे, लॅपटॉप आणि ऑफिसचा पीसी मिळून एक धरायचे की दोन, मशीन फॉरमॅट केलं तर लायसन्सची की (कोड) पुन्हा मिळणार का, हे आमच्यापैकी बरेच जण लिहीतच नाहीत. मग ग्राहक आपल्या सोयीचा अर्थ लावतो. मी माणसामागे लायसन्स देतो, दोन मशीनपर्यंत, आणि हे पावतीवर मराठीत छापलेलं असतं. छापायला लागल्यापासून भांडणं जवळपास थांबली.

पासवर्ड काढलेल्या कॉपीबद्दल मात्र मला चिडून लिहावं लागतंय. कोडला कुलूप लावणारा व्हीबीएचा पासवर्ड कच्चा आहे, थोड्या खटपटीने निघतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझं अ‍ॅड-इन कुणी उघडून वाचलं तर माझं फार बिघडत नाही. एक्सेलवर पुस्तकं लिहिणारे अमेरिकेतले जॉन वॉकेनबाख यांचं पॉवर युटिलिटी पॅक हे अ‍ॅड-इन पूर्वी मिळायचं, तेव्हा थोडे जास्त पैसे भरले की त्याचा सोर्स कोडसुद्धा रीतसर मिळायचा. कुलूपबंद कोडवर भरवसा बसत नसेल तर विक्रेत्याकडे असं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण ज्याने कुलूप तोडलं त्याने आत काय ठेवलं, हे तुम्ही पाहिलंय का? अ‍ॅड-इन एक्सेल उघडलं की दरवेळी आपोआप चढतं. उघडं असलेलं प्रत्येक वर्कबुक ते वाचू शकतं, डिस्कवरच्या फाइली उघडू शकतं, आउटलुकमधून मेल पाठवू शकतं, दुसरा प्रोग्रॅम चालवू शकतं. हे सगळं व्हीबीएत साध्या ओळींनी होतं. आणि आपल्या मशीनवर काय असतं? पक्षकारांचे पॅन, बँक स्टेटमेंटं, कामगारांचे पगार. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, २०२३ मध्ये एक्सएलएल प्रकारची अ‍ॅड-इनही अडवली, कारण चोर याच वाटेने आत शिरत होते. कुलूप तोडलेल्या अशा कॉपीबरोबर जी सूचना येते ती वाचा: ट्रस्ट सेंटरमध्ये (एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये) जा आणि सगळे मॅक्रो चालू करा. म्हणजे त्या एका फाइलसाठी दार उघडायचं, आणि पुढे इतर फाइलींसाठीही ते उघडंच राहणार. मीही ग्राहकांना फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर टिक करायला सांगतो, पण ती परवानगी त्या एकाच फाइलपुरती असते आणि फाइल कुठून आली हे त्यांना माहीत असतं. डिजिटल सही केलेलं अ‍ॅड-इन असेल तर आणखी बरं: कोडमधली एक ओळ बदलली तरी सही उडते.

आता रिन्यूअल. ‘एकदा लिहिलेला कोड काय कुजतो का?’ असं त्या मजकुराखाली एकाने विचारलंय. कोड तसाच राहतो, त्याच्या खालचं एक्सेल बदलतं. २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली आणि ६५,५३६ ओळींच्या १०,४८,५७६ झाल्या. ज्यांच्या कोडमध्ये ६५,५३६ हा आकडा ठोकून लिहिला होता, त्यांचे मॅक्रो त्या ओळीला थांबायचे आणि खालच्या ओळी आहेत हे सांगायचेही नाहीत. २०१० मध्ये ६४ बिटचं ऑफिस आलं, विंडोजची फंक्शनं बोलावणारी प्रत्येक ओळ बदलावी लागली. २०१३ मध्ये प्रत्येक वर्कबुक वेगळ्या खिडकीत गेलं, आणि आमचे फॉर्म भलत्याच खिडकीमागे लपायला लागले. २०२२ मध्ये मॅक्रो अडवले गेले, तेव्हा महिनाभर एकच फोन: ‘तुमचं बटणच दिसंना.’ ही झाली मायक्रोसॉफ्टची बाजू. जीएसटीची वेगळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएमएस, म्हणजे पुरवठादाराचं बिल पोर्टलवर स्वीकारायची किंवा नाकारायची सोय, आलं, टूबी बनायची पद्धत बदलली. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले. आयकर खात्याची एक्सेल युटिलिटी आपण सगळे वापरतो, तीही मॅक्रोवाली. एकाच हंगामात तिच्या किती आवृत्त्या उतरवून घ्याव्या लागतात ते आठवा. एवढं मोठं खातं एकदा लिहून मोकळं होत नाही.

तरीही त्या मजकुरातल्या रागात तथ्य आहे. विकलेल्या आवृत्तीत चूक निघाली तर ती फुकट दुरुस्त करून दिलीच पाहिजे, रिन्यूअल असो वा नसो. ती विक्रेत्याची चूक आहे. नियम बदलले, एक्सेल बदललं, त्यासाठी नवीन काम करावं लागलं, तर त्याचे पैसे. आणि रिन्यूअल संपल्या दिवशी चालू अ‍ॅड-इन बंद पाडणं, तेही पूर्ण किंमत घेऊन विकलेलं, याला मी अन्यायच म्हणेन. भाड्याने देत असाल तर आधी भाडं म्हणा.

कायमचा फुकट सपोर्ट मागणाऱ्यांनी एक महिना डोळ्यांसमोर आणावा. १४ तारखेला टूबी येते. महिन्याला भरणाऱ्यांची थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, २० तारखेला. मधले सहा दिवस माझा फोन खाली ठेवता येत नाही. एक्सेल मध्येच बंद पडलं की ते अ‍ॅड-इनला ‘डिसेबल्ड आयटम्स’च्या यादीत टाकतं, टॅब गायब होतो, आणि समोरच्याला वाटतं सगळं गेलं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली मॅनेजमध्ये डिसेबल्ड आयटम्स, गो, एनेबल. दोन मिनिटांचं काम आहे, पण १९ तारखेला रात्री दहा वाजता ती दोन मिनिटं कुणीतरी द्यायला लागतात. कायम फुकट देणारा माणूस तिसऱ्या वर्षी फोन उचलायचा थांबतो. अशा बंद पडलेल्या अ‍ॅड-इनांचे ग्राहक माझ्याकडे येतात, पासवर्ड कुणालाच माहीत नसलेली फाइल घेऊन.

राहिलं ‘सगळं एक्सेलमध्येच आलंय’. बरंचसं आलंय, आणि याच्याशी मी भांडणार नाही. पॉवर क्वेरी, म्हणजे वेगवेगळ्या फाइलींतला डेटा ओढून एकत्र करणारं साधन, २०१० आणि २०१३ साठी वेगळं, फुकट अ‍ॅड-इन होतं, २०१६ पासून एक्सेलच्या आतच आहे. बारा महिन्यांच्या फाइली एकत्र करायला किंवा डुप्लिकेट काढायला कुणी अ‍ॅड-इन विकत असेल तर घेऊ नका, पॉवर क्वेरी शिका. पण रक्कम अक्षरी लिहायचं साधं काम बघा. थाई बाहत अक्षरी लिहिणारं फंक्शन एक्सेलमध्ये आहे, रुपयांचं नाही. मायक्रोसॉफ्टने दिलेला नमुन्याचा कोड डॉलर आणि मिलियन बोलतो, लाख-कोटी त्यात आपणच घालायचे.

म्हणून घेण्याआधी ट्रायल मागा, आणि विक्रेत्याच्या नमुना फाइलवर ती चालवू नका. आपल्याकडची सगळ्यात अवघड फाइल घ्या, जिच्यात तारखा झालेले बिल नंबर आहेत, दोन राज्यांची पार्टी आहे, मागच्या वर्षीची राहिलेली बिलं आहेत. हाताने जुळवलेला एक जुना महिना शेजारी ठेवा आणि हिरव्या ओळी एकेक करून तपासा.