'मशीन संपलं' म्हणण्याआधी झाकण उघडून बघा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: 'पाच वर्षांनी कॉम्प्युटरचा प्रोसेसर झिजतो, म्हणून गेम अडकायला लागतात. रजिस्ट्री साफ करा, रॅम मोकळी करणारं सॉफ्टवेअर टाका, एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा, व्हर्च्युअल मेमरी दुप्पट करा, गेमच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स सगळं 'लो'वर न्या. तरी फरक पडला नाही तर मशीन संपलं, नवीन घ्या.'

माझ्या भाच्याने यातलं सगळं केलं. मग त्याचा फोन आला, "मामा, विकून टाकू का रे? आता काही होणार नाही म्हणतात." आठ-नऊ वर्षांचा डेस्कटॉप, त्याने मोठ्या हौसेने जमवलेला. मी म्हटलं, थांब, आधी मला बघू दे. या मेसेजपायी अशी किती चालती मशीन भंगारात जात असतील, या विचाराने जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'प्रोसेसर झिजतो.' नाही. प्रोसेसरचा वेग मदरबोर्डवरच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरच्या, क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांवर ठरतो आणि ते ठोके वयाबरोबर मंदावत नाहीत. चिप खरोखरच बिघडली तर मशीन मध्येच बंद पडतं, निळा स्क्रीन येतो. ते दरवर्षी थोडं थोडं हळू होत नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो: 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवर जे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आले, त्यांनी जुन्या प्रोसेसरचा वेग काही कामांत खरंच थोडा कमी केला. पण खेळता न येण्याइतका तो फटका नाही.

जुनं मशीन मंद होतं ते बहुतेक वेळा तापून. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला, इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये ही मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, की जळू नये म्हणून तो स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. याची खूण ठरलेली: पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो आणि मग जड होत जातो. भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला. तो म्हणाला, "हो, सुरुवातीला काहीच त्रास नसतो."

एचडब्ल्यूइन्फो नावाचं, तापमान आणि वेग दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर मागे चालू ठेवून गेम लावला. दहाव्या मिनिटाला तापमान 98 आणि वेग 3.4 गिगाहर्ट्झवरून 2 च्या जवळ. मशीन बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं. वरून पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. तो काढला तेव्हा खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर धुळीचा थर दिसला, नमद्यासारखा घट्ट. चिमटीत धरल्यावर अख्खा एका तुकड्यात निघून आला. इतकी वर्षं पंखा त्या नमद्यावरच वारा मारत होता. हीटसिंक उचलला तर खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) उन्हात तडकलेल्या चिखलासारखी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसली, मधोमध नवीन पेस्टचा छोटा ठिपका दिला, पुन्हा बसवलं. त्यानंतर तापमान 72 च्या वर गेलं नाही आणि वेग जागचा हलला नाही. हे घरी करणार असाल तर हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तो भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

'रजिस्ट्री साफ करा.' करू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही; तिच्यातल्या जुन्या नोंदींनी गेमचा वेग कमी होत नाही. असे क्लीनर वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज नव्याने टाकावी लागू शकते.

'रॅम मोकळी करा.' यात मूळ समजच उलटी आहे. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. विंडोज उरलेल्या रॅममध्ये नुकत्याच वापरलेल्या फायली ठेवते आणि गेमने जागा मागितली की लगेच सोडते. क्लीनर मात्र चालू प्रोग्रॅमचा डेटाही जबरदस्तीने बाहेर ढकलतो. पुढच्या क्षणी गेमला तो लागतो, डिस्कवरून परत आणावा लागतो आणि गेम झटका खातो. म्हणजे ज्या त्रासासाठी हे टाकलं, तोच वाढतो. रॅम कमी पडत असेल तर ब्राउझरचे टॅब बंद करा. पंधरा उघडे टॅब दोन-तीन जीबी सहज खातात.

'एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसर वाढवा.' एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या सेटिंगची खिडकी. तिच्यातला तो रकाना वाढवण्यासाठी नाहीच, चाचणीपुरते कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी केंद्रं) कमी करण्यासाठी आहे. त्यावर टिक केलेली नसेल तर विंडोज सगळे कोअर वापरतेच.

'व्हर्च्युअल मेमरी दुप्पट करा म्हणजे रॅम दुप्पट.' व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम कमी पडल्यावर डिस्कवर वापरली जाणारी जागा. इथे आकडेच बोलतात. सेकंदाला 60 फ्रेम (पडद्यावर येणारी चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. फिरत्या हार्ड डिस्कवरचा डेटा गाठायला साधारण 10 मिलिसेकंद जातात, रॅममधला गाठायला त्याच्या एक लाखाव्या भागाएवढा वेळ. डिस्कची एक फेरी झाली की अर्ध्याहून जास्त फ्रेम संपली. पेजफाइल, म्हणजे डिस्कवरची हीच जागा, लहान असल्यामुळे गेम क्रॅश होत असेल तर ती वाढवावी, एरवी विंडोजवर सोडावी. गेम एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, हलवला तर हे झटके, विशेषतः मोठ्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये, खूप कमी होतात. सरासरी फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) मात्र त्याने फारसा वाढत नाही, ही अपेक्षा ठेवू नका.

रॅमची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीची दुसरी टाकणं हा खरा उपाय. डीडीआर4-2400 या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला 19.2 जीबी डेटा नेऊ शकते, योग्य खाचेत दोन बसवल्या की 38.4. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं.

आता 'सगळं 'लो'वर न्या.' सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण सल्ला बरोबर वाटतो. आधी एक चाचणी करा: बाकी काही न बदलता रिझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 वर आणा. पिक्सेल सुमारे 20.7 लाखांवरून 9.2 लाखांवर येतात. फ्रेमरेट चांगला वाढला तर अडलेलं ग्राफिक्स कार्ड होतं, तिथे रिझोल्यूशन आणि अँटीअलायझिंग (कडांचे दातेरी कोपरे गुळगुळीत करणं) कमी करून उपयोग होईल. आकडा जागचा हललाच नाही तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर दमलाय. मग गर्दी, दूरवरचं किती दिसावं, सावल्या हे कमी करा आणि रिझोल्यूशन परत वर न्या. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) तर कार्डच्या मेमरीत मावत असतील तोवर वेगावर जवळपास काहीच भार टाकत नाहीत. ते 'लो'वर नेऊन नुसतं चित्र विद्रूप होतं.

'पण टास्क मॅनेजर तर प्रोसेसर 35 टक्केच दाखवतो,' असं भाचाही म्हणाला होता. ती सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामाच्या धाग्यांची, सरासरी असते. आठपैकी एक थ्रेड पूर्ण भरलेला आणि गेमचं मुख्य काम त्याच एकावर अडलेलं, असं नेहमी होतं. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेड वेगळा बघा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मी आवर्जून तपासतो: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डला तर नाही ना लावलेली? आणि लॅपटॉप असेल तर तो चार्जरवर आहे ना? नाहीतर मशीनची पूर्ण ताकद गेमला मिळत नाही.

राहिलं 'मशीन संपलं.' कधीकधी ते खरंच असतं. कार्डची मेमरी 2 जीबी आणि गेमला 6 लागत असेल, किंवा गेमला लागणाऱ्या एव्हीएक्स2 सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक संच) प्रोसेसरमध्ये नसतील, तर कितीही साफसफाई करून भागत नाही. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं 2021 मध्ये थांबवलं, विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. या भिंती खऱ्या आहेत. पण तीन वर्षांपूर्वी याच मशीनवर नीट चालणारा तोच गेम आज अडकत असेल, तर 'वय झालं' हे उत्तर घेऊ नका.

भाच्याचं मशीन सेकंदाला 60 फ्रेमवर टिकत नाही, 35 ते 55 मध्ये हेलकावे खातं. म्हणून आम्ही गेममध्येच 30 ची मर्यादा घातली. 60 हर्ट्झच्या (सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, त्यामुळे हालचाल एकसारखी वाटते. विकण्याची जाहिरात त्याने काढून टाकली. रॅमची दुसरी पट्टी तेवढी घ्यायची राहिली आहे.