उंची कुठून मोजायची?

"बाबा, एकच गणित आहे. पाच मिनिटांचं." या वाक्याने आमच्या घरातले तीन रविवार आधीच खाल्लेत. तरी मी बसलो. मी कॉमर्सवाला; पण वस्तुमान गुणिले जी (गुरुत्वत्वरण) गुणिले उंची एवढं अजून पाठ आहे.

क्लासच्या झेरॉक्सवर गणित असं: ६० किलोचा खेळाडू पोल व्हॉल्टमध्ये (लांब काठी टेकवून मारायच्या उडीत) ५ मीटरवरची दांडी पार करतो, तर त्याची स्थितिज ऊर्जा किती वाढली? साठ गुणिले ९.८ गुणिले पाच. २९४० ज्यूल. पेनाला टोपण लावून मी आत चहाची ऑर्डर सोडली.

"उत्तर २३५२ आहे," शेवटचं पान उघडून लेक म्हणाली.

जी १० घेतला, तर ३००० आले. आपण आणखीच लांब गेलो. खेळाडू ४८ किलोचा धरला, तेव्हा २३५२ बरोब्बर जमलं.

"म्हणजे हवेत गेल्यावर बारा किलो घटला?"

मी छापणाऱ्याला नावं ठेवली. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने पानाचा फोटो पाठवला. आमच्या झेरॉक्समध्ये खालची ओळच कापली गेली होती: 'सुरुवातीला गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर आहे आणि तो दांडीच्या उंचीपर्यंत जातो असे माना.' गुरुत्वमध्य म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू. तो आधीच एक मीटर वर, म्हणजे चढायचे चारच मीटर!

"उभे राहा," म्हणत तिने शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि माझ्या बेंबीला लावली; उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण तिथेच. ९७ सेंटिमीटर. "पोट आत घेऊ नका, उंची बदलत नाही."

मग मलाच चेव आला. स्वीडनचा पोल व्हॉल्टपटू डुप्लांटिस याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला ६.२५ मीटर पार केले, ते कसे? सेकंदाला १० मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी गतिज ऊर्जा उंचीत गेली तरी मिळतात ५.१ मीटर. त्यात हा घरूनच आणलेला एक मीटर. उरलेलं पोलवर हात रेटून कमवायचं, शिवाय वाटेत जे वाया जातं तेही भरून काढायचं.

"आणि २३५२ ज्यूल म्हणजे खाण्यातलं किती?" तिने विचारलं.

चमचाभर साखरेत साधारण ६७ हजार ज्यूल. कागदावर अठ्ठावीस उड्या. शरीर चारातले तीन वाटे उष्णतेतच घालवतं असं धरलं, तरी सात. एका चमच्यात सात उड्या! मी हे मोठ्या आवाजात दोनदा सांगितलं.

स्वयंपाकघरात ते नीट ऐकू गेलं असावं. चहा आला, तो बिनसाखरेचा.