झेरॉक्स मशीनची मेमरी स्वस्तात कशी वाढवावी

तुमच्या पतसंस्थेतलं झेरॉक्स मशीन 'डिस्क भरली' असं सांगू लागलं असेल, तर घाबरू नका. पहिल्या दिवशी तो संदेश कुणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी शिपाईमामा मशीन बंद करून चालू करतात. तिसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर येतो, चहा घेतो आणि नव्या डिस्कचा असा भाव सांगतो की चेअरमनसाहेबांच्या हातातलं भडंग हातातच राहतं.

इथे एक चूक कटाक्षाने टाळा. मशीनच्या 'डॉक्युमेंट बॉक्स'मध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेले स्कॅन पुसून टाकले, तर बऱ्याचदा जागा आपोआप मोकळी होते. हा उपाय फुकट आहे, आणि म्हणूनच निरुपयोगी. फुकटच्या कामाला ना ठराव लागतो, ना मंजुरी, ना चेअरमनसाहेबांचा भाचा.

भाचा मात्र लागतोच. तो माधवनगर रोडवर मोबाइल दुरुस्त करतो, म्हणजे त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. "मामा, लुटाय बसल्यात ही माणसं," तो म्हणतो. "दोन टीबीचा पेनड्राइव्ह ऑनलाइन पाचशेला मिळतोय की ओ!"

ताबडतोब मागवा. असा पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांची कला एकदा समजून घेण्यासारखी आहे. आत चिप असते जेमतेम ३२ जीबीची. पण तिचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला पढवलेलं असतं की कुणी विचारलं तर दोन टीबी सांगायचं. तो इमानदारीने तेच सांगतो. ३२ जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढची फाइल आली की तो एकतर जुन्या फाइलवर नवी लिहितो, नाहीतर लिहिल्यासारखं करतो. यादीत फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, तारीखही दिसते. उघडत मात्र नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. ते वापरू नका. पार्सल आल्याच्या आनंदात असलं काही बरं दिसत नाही.

आता तो मशीनच्या यूएसबी पोर्टात खुपसा. हे पोर्ट पेनड्राइव्हवरून प्रिंट काढायला आणि पेनड्राइव्हवर स्कॅन घ्यायला दिलेलं असतं, त्याने मशीनच्या आतली डिस्क वाढत नाही, असं इंजिनिअर सांगेल. त्याचं कमिशन बुडतंय, तो सांगणारच. मशीनने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही, तर फॅट-३२ या फायली मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागतो, कारण बरीच मशीनं तेवढीच भाषा जाणतात. त्यात एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, पण आपल्या कर्ज फायली कुठे एवढ्या मोठ्या असतात? मोठी असतात ती फक्त थकबाकीदारांची नावं.

एवढ्यावर 'डिस्क भरली' जात नाही, तेव्हा भाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. "ह्यात काय अवघड हाय? लॅपटॉपचीच डिस्क बसती ह्यात." यात अर्धं खरं आहे. आतली डिस्क बऱ्याचदा अडीच इंची, लॅपटॉपसारखीच असते आणि कंपनी लेबलचे पैसे लावते, हेही खोटं नाही. उरलेलं अर्धं असं, की अनेक मशीनांत डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते, ती किल्ली मशीनच्या बोर्डावर असते आणि नवी डिस्क इंजिनिअरसाठीच्या सर्व्हिस मोडमधून फॉरमॅट केल्याशिवाय मशीन तिला घरात घेत नाही. मग पडद्यावर एक कोड येतो. त्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाका. कुणीतरी 'रिस्टार्ट करा' असं उत्तर देईलच.

जुनी डिस्क भाचा खिशात घालून नेतो. नेऊ द्या. तिच्यावर आहे तरी काय? सभासदांची आधार कार्डं, पॅन, सातबारे, जामीनदारांच्या सह्या, कुणाचा घटस्फोटाचा निकाल, कुणाची मिरजेच्या दवाखान्यातली कागदपत्रं. डिस्क कूटबद्ध असेल तर ठीक, पण ती सोय चालू आहे का हे आपण कधी बघितलंय?

२०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस न्यूज या वृत्तवाहिनीने गोदामातून चार जुनी कॉपिअर मशीनं विकत घेतली, एकेक सुमारे ३०० डॉलरला. आतल्या डिस्कवर त्यांना पोलिसांचे कागद सापडले आणि ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेच्या रुग्णांच्या नोंदीही. २०१३ मध्ये त्या संस्थेने तडजोड म्हणून १२,१५,७८० डॉलर भरले. पण ते झालं अमेरिकेत. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, माहितीची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम आले २०२५ च्या नोव्हेंबरात आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. दीड वर्ष म्हणजे तुमची कमिटी बदलेपर्यंतचा काळ. पुढचे बघतील.

कोडमुळे मशीन अडकलं की शेवटचा मार्ग उरतो: स्कॅन थेट ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर पाठवणं. जुनी मशीनं फायली पाठवताना एसएमबी-१ नावाच्या पुरातन पद्धतीनेच बोलतात, म्हणून भाचा ती विंडोजमध्ये चालू करतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरची कॉम्प्युटरं ओलीस धरली ती याच दारातून शिरून. पण तुमच्या शाखेचं नाव वॉनाक्रायवाल्यांना कुठून ठाऊक असणार! शेअर फोल्डरला 'सर्वांना पूर्ण अधिकार' द्या. पासवर्ड ठेवायचाच तर १२३४ ठेवा आणि चिठ्ठी मशीनवर चिकटवा, म्हणजे शिपाईमामांना फोन करून विचारावं लागत नाही.

सोबत एखादी स्वस्त बाहेरची हार्डडिस्क लावून ती टेबलाखाली फरशीवर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, हे आठवून कुणी तिला माळ्यावर ठेवायला सांगेल. त्याला सांगा, वायर पुरत नाही. शेजारच्या हरिपूरला जुन्या लोकांनी जमीन पारखून हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, खणली, आणि पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, आधी हवा खेळू देत. २००५ च्या पुराने त्यातली कित्येक पेवं बुजवली. एवढी काळजी घेऊन जर हे होतं, तर काळजी न घेतलेलीच बरी, निदान कष्ट तरी वाचतात.

यथावकाश एखादा सभासद कर्ज फेडून आपले कागद मागायला येईल. कॉम्प्युटरवर फाइलचं नाव त्याला दाखवा. उघडून दाखवायचा आग्रह धरला तर सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगा आणि कागदांचा नवा संच मागवा. झेरॉक्स मात्र त्याने बाहेरून काढून आणावी, कारण आपलं मशीन बंद आहे.

वार्षिक सभेत 'किरकोळ दुरुस्तीत बचत' असा उल्लेख अहवालात आला पाहिजे. त्याच सभेत जुनं मशीन निर्लेखित करून भंगारात द्यायचा ठराव घ्या आणि नव्यासाठी तीन कोटेशनं मागवा. तिन्ही भाच्यानेच आणलेली असली तरी चालतील. लेटरहेड तेवढी वेगवेगळी बघून घ्या.